गॅस की डिझेल? घाटाखालच्या पिकअपचा हिशोब

(भागाची लिखित प्रत. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

आजचा भाग गाडीवर आहे, पण हौसेच्या गाडीवर नाही. पोटापाण्याच्या गाडीवर आहे. पिकअप घ्यायची, माल वाहायचा, भाडं मारायचं आणि पाच वर्षं हप्ता भरायचा. अशी गाडी घेताना प्रत्येकाच्या घरी एक प्रश्न येतो. सीएनजी घ्यावी का डिझेल?

आमच्या घरी हा प्रश्न माझ्या चुलतभावाने आणला. आम्ही सोयगावचे. दादाची चार एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि मका. शेतीवर भागत नाही म्हणून त्याला भाड्याची गाडी टाकायची होती. डाऊन पेमेंटसाठी कापसाचे आलेले पैसे बाजूला ठेवले होते आणि वहिनींनी बचत गटातून थोडे उचलले होते. शोरूममध्ये त्याला सांगितलं, "सीएनजी घ्या, इंधनाचा खर्च निम्मा होईल." गावातले जुने ड्रायव्हर म्हणाले, "डिझेलशिवाय गाडीच नाही." मग त्याचा मला फोन आला. "अरे, तू इंजिनिअर ना? मग सांग."

मी सॉफ्टवेअरवाला, इंजिन खोललेलं नाही. पण हा प्रश्न बराचसा आकडेमोडीचा आहे. तेव्हा आज ती आकडेमोड तुमच्यासमोर मांडतो. तुमचे आकडे वेगळे असतील. रीत तीच राहील.

आधी 'गॅस' म्हणजे कोणता गॅस?

यूट्यूबवर अमेरिकन लोकांचे व्हिडिओ असतात, 'गॅस ट्रक की डिझेल ट्रक'. मागे भली मोठी ट्रेलर जोडून डोंगर चढवतात आणि शेवटी डिझेल जिंकतं. ते बघून आपल्याकडे लोक म्हणतात, बघा, गॅस फेल. पण अमेरिकेत गॅस म्हणजे गॅसोलीन, म्हणजे आपलं पेट्रोल. आपण गॅस म्हणतो तो सीएनजी. त्यांची इंजिनंही सहा-सात लिटरची. डॉज कंपनीने १९८९ च्या मॉडेलमध्ये कमिन्सचं डिझेल इंजिन पिकअपमध्ये बसवलं, तेव्हापासून तिकडे हा वाद रंगलाय. त्यातली एक गोष्ट मात्र आपल्यालाही लागू होते, ती म्हणजे कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ. तिच्याकडे येतोच.

आणखी एक फरक. तिकडे माल मागे ट्रेलरवर ओढतात, आपल्याकडे हौद्यात भरतात. ट्रॉली ओढणं हा ट्रॅक्टरचा प्रांत. पिकअपला फार तर कोणाची बंद पडलेली गाडी टोचन करून न्यावी लागते. त्यामुळे आपला प्रश्न असा होतो की हौद्यात पूर्ण माल असताना गाडी कुठे चढते, कुठे उतरते आणि इंधन कुठे भरते.

सोयगाव कुठे आहे, हे आधी बघा

आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगराच्या खालच्या अंगाला. पाणी तापीकडे वाहतं. अजिंठ्याची लेणी आपल्याच तालुक्यात, फर्दापूरजवळ. खाली गेलं तर शेंदुर्णी, पाचोरा, जामनेर, जळगाव, सगळा खानदेश, आणि रस्ता बहुतेक सपाट. वर जायचं तर घाट. फर्दापूरहून अजिंठा घाट चढून सिल्लोड आणि पुढे संभाजीनगर, नाहीतर वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून हळद्याचा घाट.

म्हणजे सोयगावच्या गाडीला दोन नोकऱ्या आहेत, एक खालची आणि एक वरची. जिल्ह्याचं ठिकाण वर, कितीतरी लोकांचा बाजार खाली. गाडी निवडताना पहिला प्रश्न हाच, की तुमचं भाडं कोणत्या दिशेचं आहे?

चढ: घाट डिझेल किती पितो?

सगळे म्हणतात घाटात गाडी तेल पिते. किती पिते ते मोजू. भरलेल्या गाडीचं एकूण वजन अडीच टन धरा आणि घाटाची चढण उंचीत ३०० मीटर. अडीच टन वजन तेवढं वर उचलायला सुमारे साडेसात मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल असतात. इंजिन त्यातले तीस टक्के कामाला लावतं, बाकी उष्णता होऊन जातं. भागाकार केला तर उत्तर येतं पाऊण लिटरच्याही आत.

म्हणजे नुसता डोंगर चढायचे साठ-सत्तर रुपये. घाट खिशाला एवढा महाग नाही. घाट परीक्षा घेतो ती ओढीची.

पंधराला एक असा चढ, वेग ताशी ३६ किलोमीटर, वजन तेच अडीच टन. यासाठी चाकाला साधारण २० किलोवॅट लागतात. गिअरमध्ये थोडं वाया जातं ते धरून इंजिनकडून २३ किलोवॅट, म्हणजे ३१ हॉर्सपॉवर. एवढी ताकद आजच्या कुठल्याही एक टनी पिकअपमध्ये आहे, सीएनजीतसुद्धा. "सीएनजी घाट चढत नाही" हे खरं नाही. चढते. फरक आहे कशी चढते यात.

टाटाच्या इंट्रा व्ही-३० चं दीड लिटरचं डिझेल इंजिन १४० न्यूटन मीटर टॉर्क देतं. बाराशे सीसीचं सीएनजी इंजिन शंभरच्या आसपास. तेच २३ किलोवॅट काढायला डिझेल इंजिन सोळाशे फेऱ्यांवर फिरलं तरी चालतं. सीएनजीला बावीसशे-तेवीसशे फेऱ्या लागतात आणि एक गिअर खाली टाकावा लागतो. गॅस सिलेंडरमध्ये शिरताना हवेची जागा खातो, म्हणून तेच इंजिन पेट्रोलपेक्षा सीएनजीवर थोडं कमी जोर देतं. समोर उसाची ट्रॉली रांगत असेल आणि वळणावर थांबून पुन्हा उचलायचं असेल, तेव्हा हा फरक क्लच प्लेटला आणि ड्रायव्हरच्या डाव्या पायाला कळतो. आठवड्यातून एकदा घाट असेल तर चालून जातं. रोज दोनदा असेल तर तो खर्च आहे.

उतार: इथे कोणी बोलतच नाही

गाडी घेताना सगळे चढाचं विचारतात, उताराचं कोणी विचारत नाही. खरी भीती उतारात असते. चढताना साडेसात मेगाज्यूल भरले, ते उतरताना कुठेतरी जायला हवेत. ही उष्णता किती? जवळजवळ २३ लिटर गार पाणी उकळेल इतकी. त्यातला काही भाग हवा आणि टायर घेतात, काही इंजिन घेतं. उरलेला सगळा ब्रेक लायनरमध्ये जातो. लायनर तापले की पाय दाबूनही गाडी धरत नाही.

इथे एक गैरसमज आहे की डिझेल गाडी उतारात जास्त धरते. साधारणपणे उलट आहे. पेट्रोल आणि सीएनजी इंजिनात पाय काढला की हवेची झडप मिटते आणि इंजिन गाडीला मागे खेचतं. डिझेलमध्ये हवा तशी अडवलेली नसते. मोठ्या ट्रकना त्यासाठी वेगळा एक्झॉस्ट ब्रेक देतात. लहान पिकअपमध्ये तो बहुधा नसतो. म्हणून दोन्ही गाड्यांना नियम एकच. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

आणि ते न्यूट्रल. "न्यूट्रलमध्ये तेल वाचतं" असं अजूनही सांगतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन पूर्ण बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिन चालू राहायला इंधन जाळतं. म्हणजे जास्त जळतं आणि वर ब्रेकवर सगळा भार. इंजिन बंद केलं तर ब्रेकला मिळणारा जोर दोन-चार दाबांत संपतो आणि स्टेअरिंगही जड होतं. दहा रुपये वाचवायला कोणी हे करत असेल तर त्याला हा भाग ऐकवा.

पंप: सगळा खेळ इथे आहे

आता खर्च. हिशोब सोपा राहावा म्हणून डिझेल ९० रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरतो. तुमच्या पंपाचा भाव टाका. डिझेल पिकअप भरून १४ चं ॲव्हरेज देते असं धरू, सीएनजी किलोला १६.

डिझेल: किलोमीटरला ६ रुपये ४३ पैसे.
सीएनजी: किलोमीटरला ५ रुपये ६३ पैसे.
फरक: ८० पैसे.

वर्षाला ३० हजार किलोमीटर चालली तर २४ हजार रुपये वाचले. चांगलेच आहेत. पण "निम्मा खर्च" कुठे गेला? तो पेट्रोलशी तुलना करून सांगतात. पेट्रोल गाडीसमोर सीएनजी खरंच खूप स्वस्त पडते. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, त्याचाही हातभार आहे. पण दादाची तुलना डिझेलशी होती, आणि डिझेल इंजिन मुळातच इंधन काटकसरीने जाळतं. त्यामुळे फरक ऐंशी पैशांवर आला.

आता हे ऐंशी पैसे टिकतात का बघू. सीएनजी २०० बार दाबाने भरतात. ६० लिटरच्या सिलेंडरमध्ये साधारण दहा किलो बसतो. दहा किलोत १६० किलोमीटर. म्हणजे एका भरण्यामागे बचत १२९ रुपये. पंप तुमच्या वाटेवर असेल तर हे १२९ रुपये तुमचे. पण नुसता गॅस भरायला वाट वाकडी केली तर? जाऊन-येऊन २३ किलोमीटर झाले की १२९ रुपये तिथेच संपले. तीस किलोमीटर झाले तर तुम्ही डिझेलपेक्षा महाग चालवताय. रांगेतला वेळ यात धरलेलाच नाही. मोठ्या टाक्या असतील, एका वेळी वीस किलो बसत असेल, तर ही मर्यादा दुप्पट होते. म्हणून टाकीचं माप विचाराच.

पंपांचंही दोन प्रकारचं असतं. एक, ज्याला थेट पाइपलाइन आहे. दुसरा, जिथे ट्रकवरून सिलेंडरांच्या चळती आणून गॅस देतात. दुसऱ्या प्रकारात चळत उतरत आली की दाब कमी होतो. दाब दीडशे बारच मिळाला तर टाकी पाऊणच भरते. आपल्या जिल्ह्याचं आणि नगरचं शहर गॅस वितरण २०१८ च्या नवव्या फेरीत भारत पेट्रोलियमकडे आलं. असं जाळं आधी शहराभोवती आणि हमरस्त्यावर पसरतं, डोंगराखालच्या तालुक्याचा नंबर उशिरा लागतो. म्हणून पंपावर जाऊन दोन गोष्टी विचारा: लाइन आहे का गाडीने येतो, आणि संध्याकाळी दाब किती मिळतो. शोरूमपेक्षा पंपावरचा पोरगा खरं सांगतो.

डिझेलची दुखणी

आता डिझेलवाल्यांनी खूश होऊ नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाडी पूर्वीची राहिली नाही. धुराची काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेत फिल्टर आला. ती काजळी जाळायला फिल्टर चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, जोर कमी होतो, गॅरेज. काही डिझेल गाड्यांना युरियाचं द्रावणही भरावं लागतं. पोत्यातला युरिया पाण्यात कालवून चालत नाही, हे शेतकऱ्यांना मुद्दाम सांगतो. ते द्रावण शुद्ध लागतं, नाहीतर हजारोंचा फटका.

म्हणून वाळूज किंवा चिकलठाण्यात कारखान्यांना माल पोचवणारा, भाजी मंडईतून दुकानांना वाटणारा, फेऱ्या छोट्या, पंप जवळ, घाट नाही, अशा माणसाने डोळे झाकून सीएनजीचा विचार करावा. टाटाने २०२२ मध्ये इंट्रा व्ही-२० आणली, ती पेट्रोल आणि सीएनजी दोन्हीवर चालते. अशा गाडीत गॅस संपला तर वांधे होत नाहीत. पण पेट्रोलची टाकी किती ते विचारा. मारुतीच्या सुपर कॅरी सीएनजीत पेट्रोलची टाकी पाच लिटरची आहे. ती पंपापर्यंत पोचायला आहे, भाडं मारायला नाही. आणि सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते. ती चुकवू नका, तुमच्या पाठीमागे २०० बार आहेत.

एक अफवा पण मोडून टाकू. "दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद होणार." तो दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागासाठी आलेला आहे. सोयगावची गाडी त्यात येत नाही.

माल कोणता?

कापूस जागा खातो, मका वजन खातो. मोकळा कापूस हौद्याच्या वरपर्यंत रचला तरी गाडी पासिंगच्या आत असते. मक्याची पोती हौदा अर्धाही भरत नाहीत आणि टन पुरा होतो. मग मोह होतो, अजून पाच पोती टाक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. आपली वर्षाची गॅसची बचत किती होती? चोवीस हजार. एका पावतीत साफ. आणि मघाचं उताराचं गणित आठवा. वजन जेवढ्या पटीत वाढतं, ब्रेकची उष्णता तेवढ्याच पटीत वाढते.

म्हणून इंधन ठरवायच्या आधी पासिंग ठरवा. मका नेणार असाल तर दोनशे-तीनशे किलो जास्त पासिंगची गाडी ही इंधनातल्या ऐंशी पैशांपेक्षा मोठी गोष्ट आहे.

मग दादाने काय केलं?

मी दादाला म्हटलं, "मागच्या वर्षी तू भाड्याच्या गाडीने माल नेलास ना, त्या सगळ्या फेऱ्या लिही. गावातल्या ज्यांचं भाडं तुला मिळेल त्यांच्याही लिही." वहिनींनी कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी बरंच काही लिहून ठेवलेलं होतं, ते कामाला आलं. यादी झाली. पाचोऱ्याकडे कापूस, वर सिल्लोडला मका आणि मिरची, लग्नसराईत मंडपाचं सामान, अधूनमधून संभाजीनगर. जवळजवळ निम्म्या भरलेल्या फेऱ्या घाटाच्या होत्या. त्याच्या नेहमीच्या फेऱ्यांमध्ये गॅस भरायला वाट वाकडी करावी लागणार होती, आणि ती २३ किलोमीटरच्या वरच जात होती. छोट्या-छोट्या गावफेऱ्या कमी, म्हणजे फिल्टर तुंबायची भीतीही कमी.

डिझेल ठरलं. जास्त पासिंगची घेतली, रंग आणि टेप सोडून दिला. काका एवढंच म्हणाले, "हप्ता पावसाळ्यातपण असतो, बरं का." हे वाक्य माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हतं, मग घातलं. जून ते सप्टेंबर भाडं कमी असतं, हप्ता कमी होत नाही. तेव्हा चार महिन्यांचे हप्ते आधी बाजूला काढून मगच गाडी उचलायची असं ठरलं, आणि त्यासाठी खरेदी दिवाळीनंतर ढकलली.

उद्या त्याच्या रस्त्यावर लाइनचा सीएनजी पंप आला तर उत्तर बदलेल का? खालच्या खानदेशातल्या फेऱ्या वाढल्या तर बदलेलही. उत्तर गाडीत नसतं, रस्त्यात असतं. दुसऱ्याने कोणती घेतली यावरून आपली ठरवू नका. त्याचा रस्ता वेगळा आहे.

तर गाडी बघायला जायच्या आधी एका कागदावर एवढं लिहा. भरलेल्या फेऱ्यांपैकी घाटाच्या किती? सगळ्यात जड माल कोणता आणि किती? वाटेवरचा गॅस पंप किती किलोमीटर वाकडा, आणि दाब किती? छोट्या फेऱ्या जास्त का लांबच्या? पावसाळ्याचे चार हप्ते कुठून येणार? पाच ओळी झाल्या की अर्धं उत्तर तुमचं तुम्हालाच दिसेल.

तुमच्या गावचे आकडे, तुमचं ॲव्हरेज मला पाठवा, खोटं फुगवलेलं नको, भरल्या गाडीचं पाठवा. पुढच्या भागात जुनी पिकअप घेताना काय तपासायचं ते बघू. आणि घाटात गिअरमध्ये उतरा. भेटू.